दोन बोटं माया

विमान दुसऱ्यांदा पडलं तेव्हा वैजनाथराव जागचे हलले नाहीत. रिमोट गळ्यात तसाच लटकत राहिला. लातूरच्या बाहेर, औसा रस्त्याच्या कडेला सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या रानात फोमचं छोटं लायसँडर विमान उताणं पडलं होतं, दोन्ही चाकं वर करून.

"आयतु," वीरभद्र कानडीत म्हणाला. "संपलं काम."

"काही संपलं न्हाई. नाक चेपलंय अन् पंखा मोडलाय. दुसरा पंखा खिशात हाय माझ्या."

वीरभद्र मूळचा उदगीरचा. लातुरात त्याचं दुकानाच्या पाट्या बनवायचं काम चालायचं. पाट्यांसाठी फोमची पातळ शीट यायची. थर्माकोलपेक्षा चिवट आणि वजनाला काहीच नाही. वैजनाथराव निवृत्त झाल्यावर ती शीट मागायला त्याच्या दुकानात गेले आणि कशाला पाहिजे ते सांगून बसले. तेव्हापासून दर रविवारी दोघं या रानात. आता वीरभद्रही विमानं बनवायचा, पण घाई करायचा, आणि त्याच्या विमानांना रंग क्वचितच मिळायचा.

त्यानं लायसँडर उचलून पंखाच्या पुढच्या कडेवर हात फिरवला.

"काका, रागावू नका. वेग घेतला की ही कड फडफडून राहिली. मग नाक वर जातं अन् विमान मागं बसतं. पंख रुंद झालाय. पुढून दोन बोटं कापा, पुढच्या रविवारी पाखरासारखं उडतंय बघा."

"कापणार न्हाई."

"का पण?"

"माप तुझ्या काकूचं हाय."

वीरभद्रानं विमान त्यांच्या हातात दिलं आणि गाडीकडं निघाला.

तारामतीला जाऊन एक पावसाळा सरला होता. लातुरात त्यांच्या गल्लीत तिला सगळ्या ब्लाउजवाली ताई म्हणायच्या. वैजनाथरावांनी पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे काढण्यात नोकरी घालवली आणि तिनं त्याच घरात शिवणयंत्रावर बायकांचे ब्लाउज शिवले. दोघांची कामं सारखीच, असं ती म्हणायची. दोघंही कागदावर रेघा मारतात. फरक एवढाच, की यांच्या रेघेवर पाणी चालतं आणि तिच्या रेघेवर कात्री.

विमानांचा नाद यांचा. जुन्या लढायांतली विमानं, पंख्यावर चालणारी. चित्र बघून मापं काढायची, फोम कापायचा, आत बांबूची कामटी घालायची, मोटर बसवायची. पण विमान पुरं व्हायचं ते तारामतीचा हात लागल्यावर. टेप ती लावायची, एक सुरकुती न पडू देता. पंखावरचे गोल ती काढायची. मोठा गोल हातातल्या पाटलीचा, मधला बांगडीचा आणि आतला दोऱ्याच्या रिळाचा. वैजनाथरावांच्या कंपासला त्या घरात काम नव्हतं.

लायसँडर तिनं निवडलं. यांनी दाखवलेल्या चित्रांतल्या बाकी विमानांवरनं तिची नजर सरकत गेली आणि याच्यावर थांबली. आपल्या वैमानिकांनी ब्रह्मदेशाच्या लढाईत चालवलेलं विमान. पंख वरच्या अंगाला, धडाजवळ निमुळता, मध्ये रुंद, टोकाला परत निमुळता.

"ही तर बाही हाय," ती म्हणाली. "फुग्याची बाही. हिचा कागद मीच कापणार, तुम्हाला न्हाई जमायचं."

त्या हिवाळ्यात नांदेडला विमानवाल्यांचा मेळावा होता. हैदराबादेपासून माणसं यायची. ही दोघं दर साली जायची, पोळ्यांचा डबा घेऊन. तिथं चहा घेताना तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढल्या बारीला आमचं लायसँडर घेऊन येतो. बघत राहा." लोक हसले. तीही हसली, पण शब्द देऊन बसली.

मग आजार निघाला. पलंगावर बसून, मांडीवर जुना पेपर पसरून तिनं पंखाचा कागद कापला. चित्र समोर ठेवलं होतं, फूटपट्टी घेतली नाही. कागद यांच्या हातात देऊन म्हणाली, "शीट आणून ठेवा. जरा बरं वाटलं की कसं करायचं ते दाखवते."

ते दाखवायचं राहिलं.

वैजनाथरावांनी मेळाव्याची तारीख कळल्यावर काम काढलं. धड स्वतः आखलं. पंख मात्र तिच्या कागदावर, कडेला कड मिळवून, जसाच्या तसा कापला. त्याच्या दोन्ही अंगांवरचे गोलही तिच्याच पाटली, बांगडी आणि रिळानं काढले. आणि तो पंख दोनदा पडला होता.

घरी येऊन त्यांनी नाक उकलून सरळ केलं, फेविकॉल लावून दाबून ठेवलं आणि वरण-भात लावला. जेवताना नांदेडहून लेकीचा, दीपमालाचा फोन आला. ती तिथं कॉलेजात शिकवायची.

"उडलं का?"

"उडलं. उतरलं मात्र लवकर."

"बाबा, म्हणजे पडलं."

"हाव, पडलं."

"वीरभद्रदादा म्हणतात पंख कापायला लागतो. मग कापा ना. आई काय म्हणणारे?"

"आई काही म्हणणार न्हाई, म्हणून तर कापायचा न्हाई. ती असती तर भांडून कापला असता." त्यांनी ताटातला भात कालवला. "दीपे, तिचं माप चुकलेलं मी बघितलं न्हाई. पन्नास बायकांनी अंगाचा हिशेब खोटा सांगितला तरी तिचा ब्लाउज बरोबर बसायचा. चूक माझ्यात हाय. मला ती सापडेल."

"आणि मेळाव्यापर्यंत नाही सापडली तर? आईनं शब्द दिलाय म्हणून तुम्ही तिथं जाऊन सगळ्यांसमोर ते पाडणार?"

"पाडायला कशाला नेईन? सापडेल म्हटलं ना."

फोन ठेवल्यावर त्यांनी पंख सोडवून टेबलावर ठेवला. त्यावर तिचा कागद ठेवला. कडेला कड बरोबर होती. पेपरवर बाजारभाव छापलेले होते, मध्ये तिनं मारलेली खडूची एक खूणही नव्हती. कापायचं तर एका पात्याचं काम होतं. पण मग तो पंख वीरभद्रच्या दुकानात कापलेला कुठलाही पंख झाला असता. विमान उडलं असतं आणि तिचं त्यात बांगडीचे गोल तेवढे उरले असते.

दोन दिवसांनी सकाळी समोरच्या नीलाबाई आल्या. हातात जांभळा ब्लाउज होता.

"भाऊजी, ताईंच्या डब्यात ह्या रंगाचा दोरा सापडंल का? तिनंच शिवलेला हाय. दंडात बसंना झालाय."

"बघा की. डबा तिथंच हाय, शिवणयंत्राच्या खाली."

नीलाबाई डबा घेऊन जमिनीवरच बसल्या. रिळं उलथीपालथी करत म्हणाल्या, "माझी पोरगी म्हणाली, आई, आता नवा शीव. म्हटलं थांब, आधी उसवून तर बघते. उसवला तर आत बघा केवढी माया." त्यांनी ब्लाउज उलटा केला. शिवणीच्या आत कापडाची रुंद पट्टी दुमडून टाचलेली होती. शिवणीत जादा ठेवलेल्या या कापडाला शिवणकामात माया म्हणतात, हे वैजनाथरावांना लग्नापासून माहीत होतं. तारामती एक बोट माया ठेवायची, हेही माहीत होतं.

"ही एक बोट न्हाई," ते म्हणाले.

"दोन बोटं हाय. शेवटी शेवटी तिनं समद्यांच्या ब्लाउजात दोन-दोन बोटं ठेवली. मी विचारलं, ताई, एवढं कापड आत कशाला कोंबून राहिलाव, फुगतंय ना. तर म्हणाली, नीलाबाई, तुम्ही खाता-पिता माणूस. पुढं उसवून द्यायला मी नसंन, तुमची तुम्हाला सोडता यावी." नीलाबाईंनी रीळ उजेडात धरलं. "खाता-पिता म्हणाली मला. खरं होतं म्हणून गप बसले. हा चालंल का रंग?"

"चालंल," वैजनाथराव म्हणाले, पण ते रिळाकडं बघत नव्हते. "नीलाबाई, ब्लाउजचा कागद ती कसा कापायची? माया धरून, का सोडून?"

"धरूनच की. कागदावर कात्री बाहेरून जाते. रेघ आत असते."

"अन् रेघ कागदावर नसली तर?"

"तर ज्यानं कापला त्याला ठावं."

नीलाबाई दोरा घेऊन गेल्या. वैजनाथरावांनी दार लोटलं आणि टेबलाशी बसले.

सगळी नोकरी त्यांनी नकाशे काढले होते. नकाशात रेघ म्हणजे रेघ. कालव्याच्या रेघेबाहेर बोटभर गेलं की दुसऱ्याचं रान. म्हणून तारामतीच्या कागदाची कड म्हणजे पंखाची कड, हे ते धरूनच चालले होते. तिच्या कागदाची कड तशी नव्हतीच कधी. ती बाही होती, आणि बाहीला पुढच्या अंगाला दुमड असते. उघडी कड ठेवून तिनं कधी कुणाला बाही दिली नव्हती.

त्यांनी चित्र घेतलं आणि पट्टी लावून पंखाची खरी रुंदी विमानाच्या प्रमाणात काढली. मग पंखावर पुढच्या कडेपासून बोटं ठेवली. एक, दोन. खरी रुंदी बरोबर तिथं येत होती.

वीरभद्रही दोन बोटंच म्हणाला होता. फक्त तो कापा म्हणाला होता.

तारामतीच्या कात्रीच्या बोथट पाठीनं त्यांनी पंखावर खोल रेघ ओढली. ती अशीच ओढायची, दाबून पण न चिरता. बाहेरून लांब टेप लावली, म्हणजे फोम तडकणार नाही. आत, रेघेला चिकटवून, बांबूची कामटी ठेवली आणि दोन बोटांची पट्टी तिच्यावरनं खाली दुमडून गरम गोंदानं बसवली. हात दाबून ठेवताना बोटं पोळली, सोडली नाहीत. गार झाल्यावर पंखाची पुढची कड जाड, गोल आणि घट्ट झाली होती. दोन्ही टोकं धरून पिळून पाहिली तर पीळ बसेना. वजनही पुढं सरकलं होतं. पंख धडावर चढवून त्यांनी विमान दोन बोटांवर तोललं. ते मागं झुकलं नाही.

त्यांनी वीरभद्रला फोन लावला. "पंख बारीक झाला."

"कापला ना शेवटी? मी म्हणतच होतो."

"कापला न्हाई, शिवला. नांदेडला ये, दाखवतो."

मेळाव्याच्या दिवशी ते नांदेडच्या पहिल्या एसटीनं निघाले. विमान मांडीवर, पंख वेगळा करून खिडकीशी उभा. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"मामा, विमान असून एसटीनं जाऊन राहिलाव?"

"त्याला अहमदपुरात थांबा न्हाई."

पुढच्या सीटवरचं शाळेचं पोरगं मान वळवून लोह्यापर्यंत बघत राहिलं.

नांदेडबाहेरच्या माळावर दीपमाला आधीच येऊन थांबली होती. पोळ्यांचा डबा तिनं आणला होता. वीरभद्र त्याचं बिनरंगी विमान घेऊन आला होता. त्यानं सगळ्यांच्या आधी लायसँडरच्या पंखाची कड चाचपली, खालची दुमड बघितली. मग म्हणाला, "काका, हे मला कधी सुचलं नसतं."

"मलाही सुचलं न्हाई. तिचंच हाय."

गेल्या सालचे लोक होते. एक-दोघांनी जवळ येऊन वैनींचं कळलं म्हणून सांगितलं. एकानं विचारलं, "हेच का ते, त्या म्हणाल्या होत्या ते?"

"हेच," वैजनाथराव म्हणाले.

दीपमालानं वडिलांचा हात धरला. "बाबा, घरी एकदा उडवून पाहिलं ना?"

"न्हाई."

"न्हाई? आणि सरळ इथं?"

"तिनं शब्द इथं दिला होता."

त्यांनी विमान माळावर ठेवलं, तोंड वाऱ्याकडं केलं आणि मागं सरले. मोटर फिरली. लायसँडर थोडंसं धावलं, शेपूट उचललं आणि पाच-सहा पावलांत माळावरनं सुटलं. वेग वाढला. वैजनाथरावांचे डोळे पुढच्या कडेवर होते. कड हलली नाही. नाक जेवढं पाहिजे तेवढंच वर होतं. विमान सरळ वर गेलं, वळलं, आणि ऊन पंखावर आलं तसे पाटलीचे, बांगडीचे आणि रिळाचे गोल खालून साफ दिसले.

कुणी टाळ्या वाजवल्या. दीपमाला डबा छातीशी धरून मान वर करून उभी राहिली.

त्यांनी तीन फेऱ्या मारल्या आणि विमान खाली आणलं. चाकं टेकली, पण माळावरच्या एका दगडाला डावं चाक लागलं आणि विमान एका अंगाला कलंडलं. पंखाचं टोक जमिनीला घासलं. वीरभद्र धावत गेला आणि उचलून घेऊन आला. डाव्या टोकाला दुमड वीतभर उसवली होती. आतला पांढरा फोम दिसत होता.

"फाटलं का?" दीपमालानं विचारलं.

वैजनाथरावांनी उसवलेल्या कडेत अंगठा घालून पाहिलं. आत दोन बोटं फोम शाबूत होता.

"फाटलं न्हाई, उसवलंय," ते म्हणाले. "माया भरपूर हाय. दुमडून परत बसवू." मग वीरभद्रकडं वळले. "गोंदाची बंदूक आणलीस ना? लवकर दे. जेवायच्या आधी अजून एक फेरी मारायची हाय."