मीठपाण्यात न बुडालेला शाफ्ट

मी एक जुना शाफ्ट आहे, मित्रांनो. पंपाच्या पोटात गरगर फिरणारा हातभर पोलादी दांडा. माझ्याजवळ येताना नाकाला रुमाल लावलात तरी मी रागावणार नाही. मला माझीच किळस येते.

लेथ यंत्रावर घडून उतरलो तेव्हा आरशासारखा होतो. आम्हा स्टेनलेस स्टीलवाल्यांना सहसा गंज चढत नाही, पण अंग मऊ. घासलं की ओरखडे. म्हणून आम्हाला भट्टीत गरम वायूत ठेवतात. तो वायू मुरला की कातडी टणक होते. आच मात्र मंदच हवी. ती वाढली, तर गंजाला अडवणारं आमच्यातलं क्रोमियम त्या वायूशीच बांधलं जातं, आणि गंजाला दार मोकळं.

भट्टी सांभाळायची ताई. दीड दिवस मंद आच, मग चार दिवस मीठपाण्यात बुडवून गंजाची परीक्षा, हा तिचा नेम. कारखाना तिच्या धाकट्या भावाचा. तो चिडवायचा, "ताई, तुझ्या भट्टीपेक्षा कासव बरं!"

एकदा ताई दात काढायला गेली आणि भावाने आच वाढवली. संध्याकाळी ती परतली, तर मी बाहेर!

"इतक्यात?"

"कानस लावून बघ की!"

कानस घसरली, ओरखडाही उठला नाही. सगळ्यांनी वाहवा केली. मीही फुगलो.

"आणि मीठपाणी?" ताईने सुजल्या गालावर हात ठेवून विचारलं.

"गिऱ्हाईक दारात उभं आहे गं!"

ताई गप्प बसली.

मी लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाच्या पंपात गेलो. महिन्याभरात अंगावर तांबूस पुटकुळ्या उठल्या. त्यांत गोड औषध अडकून आंबलं. चिकट, बुळबुळीत थर धरला. फिरलो की तो सुटून औषधात उतरायचा. शी! ओरडावंसं वाटे, पण तोंड कुठून आणू?

एका सकाळी बाटल्या भरण्याआधी पंप धुवायला आलेल्या बाईने तो उघडला. "अगंबाई, ही कसली घाण!" काम थांबलं. ताईला आणि भावाला बोलावणं गेलं.

"जरासा डाग आहे," भाऊ म्हणाला. "पुसून लावा, चालेल."

ताईने आपला पांढरा रुमाल माझ्यावरून फिरवला. तपकिरी, लिबलिबीत झालेला तो रुमाल तिने भावाच्या नाकासमोर धरला. आवाज चढवला नाही.

"तुझी छकुली खोकतेय ना? पाज तिला चमचाभर."

भाऊ दोन पावलं मागे सरकला. मान खाली घालून त्यानेच सगळं कबूल केलं. औषधवाल्यांनी टाकीभर औषध ओतून दिलं, आधी गेलेल्या बाटल्या परत मागवल्या.

"आणि मी गप्प बसले, ते पाप माझं," ताई हळूच म्हणाली.

आता मी भट्टीची आच वाढवणाऱ्या बटणाशेजारी काचेच्या बरणीत पडून असतो. नव्या कामगारांना माझी शिसारी येते. "ताई, घासून चकचकीत करू का याला?" असं विचारतात.

मित्रांनो, तुमच्या वस्तू जपा, स्वच्छ ठेवा. मला मात्र घासू नका. घाईच्या दिवशी भावाचा हात बटणाकडे जातो, तेव्हा त्याची नजर आधी माझ्यावर पडते. तोंड वाकडं करून तो हात मागे घेतो. तेवढ्यासाठी माझा गंज राहू द्या.