चेपलेल्या काठाची घागर

मी एक जुनी तांब्याची घागर आहे. मित्रांनो, माळ्यावर पडले आहे म्हणून मला भंगार समजू नका. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत माझ्यासारखं घुमणारं दुसरं भांडं नव्हतं. हा गर्व नाही, खरं तेच सांगते.

तांबटाचे ठोके खाऊन मी घडले आणि कमळाबाईंच्या घरी आले. वर्षभर पाणी भरायचं आणि आश्विनातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे मानानं बसायचं. त्या दिवशी मला उदाचा धूर देत. मग घरच्या सुना माझ्या तोंडावर फुंकून मला घुमवत आणि त्या आवाजावर नाचत. फुंकायचं आणि नाचायचं, दोन्ही एका दमात. भल्याभल्यांना धाप लागे.

धाकटी सून दुर्गा. माहेर माहीमच्या कोळीवाड्याला लागून, त्यामुळे कोळणींचं डोलणं अंगात भिनलेलं. लालबागला गणपतीत कोकणी चाकरमान्यांचा बाल्यानाच पाहून तो जड पायही उचललेला. सत्तावन्न साली संयुक्त महाराष्ट्रासाठी नाचायला परळच्या कलापथकातून तिला बोलावणं आलं. तिचा सगळा जीव तिकडे लागला.

"सगळ्यांचे नाच येतात, मग तुझा कुठला गो?" कमळाबाई म्हणाल्या. "आधी अष्टमीला घागर फुंक. मग परळचं बघू."

"शब्द दिलात हं, सासूबाई!"

अष्टमीला पहिला मान थोरल्या सुनेचा, पद्मजाचा. ती क्लासात नाच शिकलेली, हात सुरेख. पण मी चकाकावं म्हणून या शहाणीनं मला वरून खोबरेल चोळलेलं! मी हातात राहणार कशी? गिरकीत निसटले, उंबऱ्यावर आपटले, काठ चेपला.

"अगो, देवीपुढे!" कमळाबाई कडाडल्या. "ठेव ती बाजूला. आता काय फुंकायची, कप्पाळ?"

पद्मजा रडू लागली. मला वाटलं, दुर्गाचं परळ बुडालं.

दुर्गानं मला पदरानं पुसलं. फुंकलं. फुस्स! मग ती काठावर ओठ फिरवत राहिली आणि एक धड जागा तिला सापडली. मी घुमले, पण जाड, घोगरी. त्या आवाजाला नाजूक पाऊल शोभेना. तिनं बाल्यांचा जड पाय घेतला, वर कोळणींचं डोलणं. कुठे सांधा दिसेना. मधेच तिनं पद्मजाला ओढून पुढे केलं आणि स्वतः मागे सरून फुंकत राहिली. रडवेली पद्मजा इतकी छान कधीच नाचली नव्हती.

मित्रांनो, दहा नाच येणाऱ्या पुष्कळ पाहिल्या. समोरच्या घोगऱ्या भांड्याचं ऐकून पाऊल टाकणारी आणि रडणारीला नाचवणारी एकच पाहिली.

कमळाबाईंनी दोघींच्या कपाळी कुंकू लावलं. मग म्हणाल्या, "जा परळला. पण तिथेही अशीच नाच. कुणाला ढकलून पुढे आलीस, तर घरात घ्यायची नाही."

दुर्गा गेली. सभा, दौरे, गावोगावचे मंडप. महाराष्ट्र झाला, वाडीत पेढे वाटले. त्याच वर्षी तिच्या नवऱ्याची नागपूरला बदली झाली. दर अष्टमीला मी तिची वाट पाहिली, ती आली नाही. घरात नवी घागर आली, ती कुणीही घुमवतं. मला माळा मिळाला.

तुमच्या घरात कुणी मनापासून नाचत असेल, तर नुसत्या टाळ्या वाजवून उठून जाऊ नका. जवळ जा आणि सांगा, तुझ्यामुळे आम्हीही नाचलो. मला एवढं थोरलं तोंड, पण दुसऱ्यानं फुंकल्याशिवाय शब्द फुटत नाही. दुर्गाला सांगायचं राहूनच गेलं.