झाकणाआडचा डाग

त्या इमारतीत दोन डॉक्टर होते आणि लोक त्यांना नावाने ओळखत नसत. वरच्या मजल्यावरचे ते दातवाले आणि खालच्या मजल्यावरचे ते कानवाले. दोघांची मैत्री कॉलेजपासूनची आणि तेव्हापासूनच थोडीशी चढाओढीवर चालणारी. कानवाल्यांनी पोहायला सुरुवात केली की दातवाल्यांना आपलं पोट सुटल्याचा साक्षात्कार व्हायचा. कानवाल्यांनी गाडी बदलली की दातवाल्यांच्या गाडीतून अचानक काहीतरी वाजायला लागायचं. मग कानवाले आकाशाचे फोटो काढू लागले. त्यांच्या तपासणीच्या खोलीत, कानाच्या आतल्या रचनेच्या तक्त्याशेजारी, एक दिवस एक मोठी चौकट लागली. तिच्यात काळ्याभोर आकाशात गुलाबी धुराचा एक लोट होता आणि त्यात रवा सांडावा तसे तारे सांडलेले होते. "घरच्या गच्चीवरून काढलाय," असं ते प्रत्येक पेशंटला, अगदी ऐकू न येणाऱ्यालासुद्धा, सांगत.

दातवाल्यांनी तो फोटो खूप वेळ पाहिला आणि त्याच महिन्यात दुर्बीण घेतली.

दुर्बीण आली आणि घरातली शांतता गेली. संध्याकाळी दवाखाना बंद करून दातवाले डॉक्टर घरी येत, चहा अर्धवट टाकत आणि गच्ची गाठत. आकाशातली वस्तू पश्चिमेकडे सरकत असते, म्हणून दुर्बिणीलाही मोटारीने तिच्यामागे सरकत राहावं लागतं, एवढं त्यांना पुस्तकातून कळलं होतं. पण त्यांची मोटार कधी पुढे पळायची, कधी मागे राहायची, आणि फोटोत ताऱ्यांऐवजी शेवया यायच्या. मोटार ताळ्यावर आली तर काचेवर दव धरायचं. दव पुसलं तर लॅपटॉप म्हणायचा, कॅमेरा जोडलेलाच नाही. केबल बदलली की कॅमेरा सापडायचा, तोवर ढग यायचे. आयुष्यभर लोकांच्या तोंडात केसाएवढ्या वाटा शोधलेल्या माणसाला एक साधा स्क्रू नीट आवळता येऊ नये, ही गोष्ट त्यांना फार लागली. ते चिडचिडे झाले. जेवताना घास हातात धरून ते मध्येच थांबत आणि "पण फोकस सुटतोच कसा?" असं भाजीला विचारत.

त्यांची बायको एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिने आयुष्यात बरीच बिघडलेली चित्रं पाहिली होती, त्यामुळे तिला या सगळ्याचं फारसं काही वाटायचं नाही. नवऱ्याला छंद लागला, तोही घराच्या आत राहून करण्यासारखा, यावर ती समाधानी होती. तिला हसायला फार आवडायचं, आणि हसताना तिचे सगळे दात दिसत. लग्नाआधी डॉक्टरांना तिच्यात सर्वांत आधी काय आवडलं असेल तर ते हेच.

दोन-तीन महिन्यांच्या झटापटीनंतर तारे अखेर ठिपक्यांसारखे येऊ लागले. आणि तेव्हाच तो डाग दिसला.

फोटोच्या मध्यावर, किंचित उजवीकडे, एक धुरकट फिकट पट्टा होता. कुणी काचेवर फुंकर घालावी आणि ती वाळून जाऊ नये, तसा. डॉक्टरांनी आधी तो धुळीचा मानला. त्यांनी कॅमेरा उघडून आतली काच अशा हाताने साफ केली की पेशंटने पाहिलं असतं तर दोन दाढा जास्तीच्या दाखवल्या असत्या. डाग तसाच राहिला. त्यांनी दुर्बिणीचा आरसा पुसला, कॅमेरा आडवा बसवला, उभा बसवला. कॅमेरा कसाही फिरवला तरी डाग फोटोत आपल्या जागेवरून हलला नाही, म्हणजे दोष कॅमेऱ्यात. ते चक्क सुखावले, कारण दोष कुठे आहे हे कळणं म्हणजे निम्मं औषध. त्यांनी कॅमेरा कानवाल्यांकडे दिला. कानवाल्यांनी तो आपल्या दुर्बिणीला दोन संध्याकाळ लावला आणि परत आणून दिला. फोटो लख्ख होते. डागाचा मागमूसही नव्हता.

मग कानवाल्यांचा कॅमेरा डॉक्टरांच्या दुर्बिणीला लावला. डाग त्याच जागी. दुर्बीणही कानवाल्यांची आणली. डाग त्याच जागी. लॅपटॉप नवा घेतला, केबली फेकून दिल्या, घरची वीज सोडून बॅटरी वापरली. डाग जागचा हलेना. डॉक्टरांचा संताप आता घरात मावत नव्हता. एका पेशंटला त्यांनी भूल देताना विचारलं, की एखादी गोष्ट सगळं बदलूनही जात नसेल तर काय समजायचं, आणि त्या बिचाऱ्याने घाबरून दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घेतली.

"सगळं बदलून झालं तुझं," कानवाले एका संध्याकाळी गच्चीच्या कठड्याला टेकून म्हणाले. "आता बदलायचा राहिलायस तो फक्त तू."

ते हसले. डॉक्टर हसले नाहीत.

कानवाल्यांनीच मग शेवटचा उपाय सांगितला. प्रत्येक कॅमेऱ्याची स्वतःची अशी एक कुरकुर असते. अंधारातही तो काही ना काही टिपतोच. म्हणून दुर्बिणीला झाकण लावायचं, प्रकाशाचा कणही आत जाऊ द्यायचा नाही, आणि त्या नुसत्या अंधाराचे शे-दीडशे फोटो घ्यायचे. ते एकावर एक रचले की कॅमेऱ्याचा मूळ दोष तेवढा उरतो, आणि तो खऱ्या फोटोतून वजा करता येतो. त्याला रात्र लागत नाही, आकाशही लागत नाही. भर दुपारी कपाटात बसूनही ते होतं.

रविवारी दुपारी बायको शाळेच्या प्रदर्शनाला गेली असताना डॉक्टरांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं, वरून काळं फडकं गुंडाळलं आणि तो कपाटात रजयांच्या मधे ठेवून दार लावलं. फोटो निघत राहिले. संध्याकाळी त्यांनी ते सगळे लॅपटॉपवर एकावर एक रचले आणि उजेड हळूहळू वाढवला.

डाग होता. झाकणाच्या आतही होता. आणि आता तो डाग राहिला नव्हता.

आधी दोन फिकट कमानी उमटल्या, एक वरची आणि एक खालची. मग त्या कमानींना खाचा पडल्या. डॉक्टरांनी उजेड आणखी थोडा वाढवला आणि खुर्चीत मागे टेकले. तीस वर्षं ते रोज सकाळी हेच पाहत आले होते. तो जबड्याचा एक्स-रे होता. दात, मुळं, हिरडीखालचं हाड, सगळं जागच्या जागी. त्यांना प्रथम हसूच आलं. दवाखान्यातली एखादी फाइल या लॅपटॉपमध्ये शिरली असणार. पण लॅपटॉप नवा होता आणि दवाखान्यात तो कधी गेलाच नव्हता. तरी त्यांनी सगळं पुसून काढलं, दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मधल्या सुट्टीत घरी येऊन पुन्हा फोटो घेतले, पुन्हा रचले. पुन्हा तेच. या वेळी थोडं अधिक ठळक.

माणसं चेहरे ओळखतात, डॉक्टर मुळं ओळखत. खालच्या एका दाढेचं मागचं मूळ गळासारखं वाकलेलं होतं. त्या वाकड्या मुळाने एकदा त्यांना सबंध दुपारभर घाम फोडला होता, कारण ते मूळ त्यांच्या बायकोचं होतं.

त्यांनी दवाखान्याच्या संगणकातून तिचा एक्स-रे काढला आणि शेजारी ठेवला. त्यांनीच भरलेल्या दाढा, एका दाढेवर त्यांनीच बसवलेली टोपी, सगळं जुळत होतं. फरक एकच होता. वर उजवीकडे, सुळ्याच्या लगेच मागे, बायकोची उपदाढ होती. झाकणाआडच्या फोटोत तिथे मोकळी जागा होती.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला खिडकीजवळ बसवून तोंड उघडायला लावलं. उपदाढ ठणठणीत होती. त्यांनी ती आरशाने पाहिली, ठोकून पाहिली, गार पाणी लावून पाहिलं. काय झालंय म्हणून तिने विचारलं, तर काही नाही म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून ते तिच्या मागे लागले. उजव्या बाजूने चावू नकोस, सुपारी नको, दाणे नकोत, झोपताना हे प्लास्टिकचं कवच दातांवर चढव. ती आधी ऐकत गेली, मग वैतागली.

"हे तुम्ही नवरा म्हणून सांगताय की डॉक्टर म्हणून?" तिने एकदा विचारलं.

त्यांनी तिच्यापुढची सुपारीची डबी उचलून आत ठेवली. जे दिसलं होतं ते तिला सांगायचं म्हणजे आधी स्वतःला मोठ्याने सांगायचं, आणि तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. कानवाल्यांनाही त्यांनी एवढंच सांगितलं, की डाग झाकणाच्या आतही येतो.

काही आठवडे गेले. मग एक दिवस ती शाळेतून लवकर, गालाला रुमाल लावून, सरळ दवाखान्यात आली. रंगाच्या नळीचं झाकण घट्ट बसलं होतं आणि मुलं खोळंबली होती, म्हणून तिने ते नेहमीसारखं दातांनी फिरवलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. उपदाढेला मुळापर्यंत उभी चीर गेली होती. त्यांनी तो दात वाचवायला जे जे करता येतं ते सगळं करून पाहिलं, आणि ज्याचा उपयोग होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं तेही करून पाहिलं. मदतनीस बाई अवजारं देता देता त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. शेवटी दिवेलागणीला त्यांनी तो दात स्वतःच्या हाताने काढला, दोन तुकड्यांत. नंतरचा एक्स-रे त्यांनी एकट्याने पाहिला. झाकणाआडच्या फोटोत आणि त्यात आता काडीचाही फरक नव्हता.

हिरडी पूर्ण भरून आल्याखेरीज तिथे दुसरा दात बसवता येणार नव्हता, आणि त्याला तीन-चार महिने तरी हवे होते. समोरून दिसणारी जागा. ती हसताना तोंडावर हात धरू लागली. मग हसणंही कमी केलं.

डॉक्टरांनी आकाश सोडून दिलं, कॅमेरा मात्र सोडला नाही. रोज संध्याकाळी ते गच्चीवर जात, दुर्बिणीला झाकण लावत आणि अंधाराचे फोटो घेत बसत. डाग घालवण्यासाठी ज्याने जिवाचा आटापिटा केला, तोच माणूस आता डाग आहे ना, एवढंच पाहायला जिने चढायचा. फोटो रचले जाईपर्यंत ते पडद्यासमोरून हलत नसत. मग त्या दोन कमानी उमटत. ते प्रत्येक दात मोजत, प्रत्येक मूळ तपासत आणि सगळं कालच्यासारखंच आहे असं पाहून खाली येऊन पोटभर जेवत. पण एखाद्या दिवशी ढगाळ हवेत लॅपटॉप रुसला, केबल सैल झाली, की ते लहान मुलासारखे रडकुंडीला येत. त्या केबलीवर ते ओरडत, स्टँडला लाथ घालत. एकदा बायको वर आली आणि दारातच उभी राहिली.

"झाकण लावून काय बघता हो रोज?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "एकदा ते काढून बघा की. किती छान चांदणं पडलंय."

त्यांनी मान हलवली आणि झाकण घट्ट बसलंय ना, हे चाचपून पाहिलं.

बहुधा तिनेच कानवाल्यांच्या कानावर घातलं असावं, कारण त्यानंतर लगेचच एका संध्याकाळी ते न सांगता आले. दात काढून तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता आणि ती जागा अजून मोकळीच होती. फार दिवस झाले, आज तुझा तो डाग मला दाखवच, म्हणाले. डॉक्टरांनी आढेवेढे घेतले, पण कानवाले आधीच जिना चढू लागले होते. खाली स्वयंपाकघरात कपबश्यांचा आवाज येत होता. डॉक्टरांनी तो मुद्दाम ऐकला आणि मग वर गेले.

फोटो निघाले. लॅपटॉपने ते एकेक करून रचले. डॉक्टरांनी उजेड वाढवला, मग आणखी वाढवला, मग पार टोकाला नेला. पडद्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखा, मऊ, काळा रंग होता.

त्यांनी केबल पाहिली. झाकण पाहिलं. फोटो पुन्हा घेतले आणि पुन्हा रचले. काळ्या रंगावर एक ओरखडाही नव्हता.

"झालं की रे काम," कानवाले वाकून पाहत म्हणाले. "इतका स्वच्छ तर माझाही येत नाही. काय केलंस काय?"

डॉक्टर उठले. खालचा आवाज थांबला होता. ते जिन्याच्या तोंडाशी गेले आणि हाक मारायला खाली वाकले. जिन्यातला दिवा लागलेला नव्हता. तेवढ्यात पायऱ्यांवर ओळखीची पावलं वाजली आणि बायको चहाचा ट्रे सांभाळत वर आली. डॉक्टर बाजूला सरून कठड्याशी उभे राहिले. तिचा हात हातात घ्यावा, तिला तिथेच सगळं सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं.

"वहिनी, नवरा परत मिळाला तुम्हाला," कानवाले कप उचलत म्हणाले. "आता दुर्बीण मला आणि हे तुम्हाला."

ती हसली. दोन्ही हात ट्रेला अडकलेले, मान किंचित मागे टाकून, पूर्वी हसायची तशी मोकळी हसली. लॅपटॉपचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. तिच्या हसण्यात कुठेही फट नव्हती.