पेटीच्या तळाचे तांबडे डाग

"ही पेटी कधी रिकामी परत धाडायची नाही बरं का. येताना भरलेली, जाताना भरलेली." शेवटचा खिळा ठोकताना सुतारमामा म्हणाले होते. मित्रांनो, ती लाकडी पेटी म्हणजे मीच. आता कडा झिजल्या, फळ्या काळवंडल्या. पण ते शब्द मी नेमासारखे जपले आहेत.

दारांच्या चौकटी करून उरलेल्या फळ्यांतून माझा जन्म झाला. गल्लीच्या एका टोकाला ओतारीकाकांची भट्टी, दुसऱ्या टोकाला ताईंचा कुलपांचा कारखाना आणि मधोमध सुतारमामा. काकांनी ओतलेले कुलपांचे पितळी सांगाडे मी मामांकडच्या लाकडाच्या भुशाच्या गादीवर निजवून ताईंकडे नेत असे. तिथे त्यांना कानस लागे, भोकं पडत, आणि खाली सांडलेला पितळेचा कीस घेऊन मी भट्टीकडे परते. तो वितळून पुन्हा कुलूप होई. भुसासुद्धा वाया जात नसे; जमिनीवर सांडलेलं तेल तो टिपून घेई. या पेटीनं सारी गल्ली एका घरासारखी बांधली, असं लोक म्हणत, आणि मी मनातल्या मनात फुलून जाई.

मग कुणाची तरी दृष्ट लागली. ताईंनी किल्ल्यांसाठी पोलाद कापायचं नवं यंत्र आणलं आणि ते पितळेच्या बाकाशेजारीच बसवलं. संध्याकाळी दोन्हींखालून झाडू मात्र एकच फिरे. हळूहळू काकांच्या सांगाड्यांत दगडासारख्या गाठी येऊ लागल्या. त्यांवर ताईंची ड्रिलची टोकं मोडू लागली. ताई तरातरा भट्टीवर गेल्या.

"काका, हात थकले असतील तर तसं सांगा. मी दुसरीकडून घेते."

"घ्या की बाईसाहेब. दुरून डोंगर साजरेच दिसतात."

एरवी काका त्यांना 'पोरी' म्हणत. त्या दिवसापासून माझी ये-जा थांबली. लांबून येणारे सांगाडे थर्माकोलच्या खोक्यांत येत. खोकी फुटत आणि त्यांचे पांढरे कण नाल्यात जाऊन अडकत. पितळेचा कीस मागच्या अंगणात साचत राहिला. त्याचं तेल झिरपून नाल्यावर तवंग धरू लागला. आणि मी? दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मला कारखान्यातल्या मोरीशेजारच्या दाराला टेकवून ठेवलं होतं. रिकामीच.

एके दुपारी सुतारमामा कारखान्यात डोकावले. काका भट्टी कायमची विझवणार, असं त्यांनी सांगितलं. गल्लीतलं काम गेल्यावर एकट्यानं ती पेटती ठेवणं परवडत नव्हतं. मामा नुसतं एवढंच म्हणाले आणि जाताना मला सरकवून दार लावू लागले. मी कलंडले. माझा तळ उजेडात आला.

फळ्यांच्या फटींत तांबडे डाग होते. किसातून आलेला चुरा तिथे अडकून ओलीनं गंजला होता. मला बोलता आलं असतं, तर हे मी कधीच सांगितलं असतं. ताईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"मामा, पितळ असं तांबडं गंजत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "हे तर पोलाद आहे. आमच्याच यंत्राचं."

तशाच त्या भट्टीवर गेल्या. सोबत मला नेलं.

"काका, गाठी तुमच्या हाताच्या नव्हत्या. माझ्या केरातून आल्या."

काका बराच वेळ निखारे सारत राहिले. "आणि मी तरी कीस कुठे पाहून घेतला? तुझ्याकडचा म्हणून डोळे मिटून ओतला."

"भट्टी विझवू नका. पोलादाचं यंत्र वेगळ्या खोलीत नेते, झाडूही वेगळा ठेवते. लोहचुंबक फिरवलेला कीस मी स्वतः घेऊन येते."

"आहे तेवढा कोळसा संपेपर्यंत थांबतो, पोरी."

मित्रांनो, शेजाऱ्याकडे जे पाठवाल ते आधी निवडून, पाहून पाठवा. आपण दिलेलंच फिरून आपल्या दारी येतं. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिचा तळ पाहा, एवढंच मागणं.

आज सकाळी मामांनी माझा मोडका कोपरा सांधला. ताईंनी माझ्यात भरलेल्या किसाच्या प्रत्येक थरातून लोहचुंबक फिरवला. तो कोराच वर आला, तरी त्यांनी पुन्हा एकदा फिरवून पाहिला. मग दारात येऊन त्यांनी गल्लीच्या टोकाकडे नजर टाकली. धुराची बारीक रेघ अजून दिसत होती.

त्यांनी चपला पायात सरकवल्या, मला कमरेवर घेतलं, आणि त्या भट्टीकडे चालू लागल्या.