रडक्या टेपचा बँड

सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारची. त्या दिवशी सगळी वसाहत गप्प असायची. फक्त झुंबरच्या मामांच्या वर्कशॉपमधून असा काही गडगडाट ऐकू यायचा, की नवा वॉचमन दोनदा आत डोकावून गेला होता, एखादं मशीन चालू राहिलं की काय म्हणून. मशीन नव्हतं, 'रस्ट' नावाचा बँड होता. नाव झुंबरनं ठेवलेलं. सहा दिवस लेथवर उभं राहून लोखंड कातणाऱ्या पोराला गंजाशिवाय दुसरं सुचणार तरी काय! झुंबर ड्रम वाजवायचा, अश्विन गिटार, आणि गायचा सहादू.

बेस गिटार घ्यायचं त्यांना कधी जमलं नाही. खरं सांगायचं तर तिची उणीवही कुणाला भासली नाही. अश्विनच्या गिटारच्या तारा इतक्या ढिल्या आणि इतक्या खालच्या सुरात लावलेल्या असायच्या की त्या छेडल्या की शेडचे पत्रे थरथरायचे. आवाज फाडायचं यंत्र अश्विननं स्वतः बनवलं होतं, जुन्या रेडिओचे पार्ट काढून, साबणाच्या डबीत. झुंबरचा हात लहानपणापासून गणपतीत ढोल बडवून तयार झालेला, त्यामुळे हळू वाजवणं त्याला ठाऊक नव्हतं. सावकाश वाजवणं मात्र शिकला होता. दुसऱ्यांची गाणी धावायची. रस्टची गाणी चिखलातून बैल चालावा तशी चालायची, सावकाश, पण थांबवून दाखवा बघू.

नाशिकमध्ये असं कुणीच वाजवत नव्हतं. इतकं खाली, इतकं जड, इतकं दुःखी. हे रस्टचं वेगळेपण म्हणायचे लोक. आणि या वेगळेपणाला कारण होता एक ढिला पडलेला रबरी बेल्ट, हे फक्त अश्विनला माहीत होतं.

झालं होतं असं. पंच्याण्णव साली अश्विनच्या वडिलांच्या, जयरामच्या, टेप दुरुस्तीच्या दुकानात कुणीतरी टाकून गेलेला एक टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकातच, पडून होता. गिऱ्हाईक फिरकलंच नाही, म्हणून तो अश्विनचा झाला. त्याच सुमारास इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरून एक नव्वद मिनिटांची भरलेली कॅसेट त्याच्या हाती आली. अमेरिकेतले कुठले कुठले बँड, गाणाऱ्यांची नावं पेनानं लिहिलेली आणि निम्मी पुसलेली. यातलं एकही गाणं टीव्हीवर कधी लागायचं नाही. कॉलनीतला केबलवाला हिंदी सोडून दुसरं काही लावतच नव्हता. त्या टू-इन-वनचा कॅसेट फिरवणारा बेल्ट ढिला होता. बेल्ट ढिला झाला की टेप हळू फिरतो, आवाज खाली जातो, म्हणजे आपल्या भाषेत टेप रडतो. हिंदी गाणं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण ही गाणीच मुळात रडकी. टेप रडतोय की माणूस, हे कळावं कसं? जयरामचा मुलगा असून अश्विनला कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याच आठवड्यात मखमलाबादहून भजनी मंडळाचा अँप्लिफायर दुरुस्तीला घेऊन सहादू दुकानात आला. त्याचे वडील सावळीराम शेवंती आणि झेंडू पिकवायचे, आणि भजनात काळी चारच्या उंच पट्टीत असे गायचे की पलीकडच्या मळ्यात ऐकू जायचं. मुलालाही त्यांनी पुढं बसवला होता. मग पंधराव्या वर्षी सहादूचा आवाज फुटला आणि जो खाली गेला तो वर आलाच नाही. गळा होता, पण विहिरीच्या तळाशी. एका एकादशीला सगळ्यांदेखत त्याचा सूर चिरकला, तेव्हा सावळीराम म्हणाले, "तू आपला टाळ धर." रागानं नाही म्हणाले, पण सहादू त्या दिवसापासून मागच्या रांगेत बसला तो बसलाच.

दुकानात टेप चालू होता. सहादू काउंटरला टेकून उभा राहिला, आणि दुसऱ्या कडव्याला त्या आवाजाबरोबर गुणगुणायला लागला. शब्द एकही कळत नव्हता. पण तो अमेरिकेतला गडी अगदी त्याच्याच पातळीवर गात होता. अश्विनच्या हातातली सोल्डरिंगची कांडी तशीच राहिली. असा आवाज त्यानं समोर बसून कधी ऐकला नव्हता.

"हा कोण गातो रे?" सहादूनं विचारलं.

"माहीत नाही. नाव पुसलंय."

"माझ्यासारखाच हाय," सहादू म्हणाला, आणि इतका हसला की अश्विनला त्याचा लळाच लागला.

तीन महिन्यांनी जयरामनी फावल्या वेळात त्या टू-इन-वनला नवा बेल्ट टाकला. "किती दिवस गाळात चालवणार याला?" म्हणाले. अश्विननं एकट्यानं कॅसेट लावली. गाणं पळालं. तोच गडी, पण चटपटीत, उंच, बाणासारखा. गिटारवर सूर जुळवून बघितला, तर बोटं तीन घरं वर सरकवावी लागली. तिथं सहादूचा आवाज पोचणं शक्य नव्हतं, आणि अश्विनला ते लगेच कळलं. त्यानं भंगाराच्या डब्यातून जुना बेल्ट शोधून काढला आणि परत घातला.

जयराम बघत होते. "अरे, चांगलं केलेलं बिघडवतोस?"

"राहू द्या, बाबा. आम्हाला असाच बरा."

जयरामनी चष्म्यावरून पोराकडे पाहिलं, आणि पुढचा रेडिओ उघडला. त्यांनी हे पुन्हा कधी काढलं नाही. अश्विनही मूग गिळून बसला. मित्रावर आपण एक उपकार केलाय, असं त्याला वाटत होतं, आणि थोडी फुशारकीही होती त्यात, खोटं कशाला बोला.

मग रस्टचे दिवस आले. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पहिल्या गाण्याला निम्मा हॉल उठून गेला आणि राहिलेला निम्मा खुर्चीवर चढला. एका गणेश मंडळानं 'रस्ट ऑर्केस्ट्रा' असा फलक लावला आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी लावणीची फर्माईश केली. झुंबरनं त्यांना हात जोडले. सहादू स्वतः गाणी लिहायला लागला, मराठीत. पंचवटीच्या बाजारात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या झेंडूचे ढीग त्यानं लहानपणापासून बघितलेले. त्याचं गाणं फुलाच्या तोंडी होतं:

काल देवाच्या गळ्यात होतो,
आज गाडीच्या चाकाखाली.

हे गाणं तो त्या विहिरीच्या तळातून काढायचा तेव्हा सुट्टीच्या दिवशी रस्त्यानं जाणारे कामगारसुद्धा सायकल धरून उभे राहायचे. मळ्यात मोटर चालू करताना, फुलं तोडताना, जुड्या बांधताना सहादू गातच असायचा. मागच्या रांगेतला मुलगा पुढं आला होता.

दोन हजार सालच्या जानेवारीत पुण्याच्या एका कॉलेजातल्या स्पर्धेचं बोलावणं आलं. नियम असा की एक गाणं गाजलेलं आणि एक स्वतःचं. रस्टनं कॅसेटवरचं पहिलंच गाणं निवडलं, जे सहादूनं दुकानात गुणगुणलं होतं. आणि नशीब असं की त्यांच्या आधीच्या पुण्याच्या बँडनंही तेच निवडलं.

तिघं पडद्यामागे उभे होते. गाणं सुरू झालं तसा सहादूच्या कपाळाला आठी पडली.

"हे एवढं वर का गातात? आणि कुणी मागं लागल्यासारखे?"

शेजारी उभा असलेला मुलगा सरळ मनानं म्हणाला, "ओरिजिनल असंच आहे ना."

सहादूनं अश्विनकडे बघितलं. अश्विनला वर बघवलं नाही. बास, तेवढ्यात सगळं कळलं.

स्टेजवर गेल्यावर सहादू माइक झाकून म्हणाला, "वर घे. खऱ्या पट्टीत."

"सहादू, नको."

"घे म्हणतो ना."

अश्विननं बोटं तीन घरं वर नेली. पहिली ओळ सहादूनं कशीबशी ओढली. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला, आणि हॉलमध्ये हशा पिकला. पोरं काही दुष्ट नव्हती, हसू येण्यासारखंच झालं होतं ते. सहादूनं माइक नीट स्टँडला अडकवला आणि खाली उतरला. फुलाचं गाणं त्या दिवशी झालंच नाही.

परतीच्या एसटीत नारायणगाव मागं पडल्यावर अश्विननं सांगून टाकलं. टेप, बेल्ट, सगळं.

"कधीपासून ठाऊक हाय तुला?"

"पंच्याण्णवपासून."

सहादूनं तोंड खिडकीकडे केलं. त्यानंतर पाच महिने तो सातपूरला आला नाही. शनिवारी झुंबर एकटाच वर्कशॉपमध्ये बसून ढोलाचे जुने ठेके वाजवायचा. शेवटी एक दिवस तो दुकानात येऊन अश्विनवर तापला, "मी काय भिंतीसाठी वाजवू का? चूक तुझी आहे ना, मग जा की!"

अश्विन गेला. बांधावर सावळीराम भेटले. त्यांना बँड कधी आवडला नव्हता, पण ते म्हणाले, "बरं झालं आलास, बाबा. पोरगं मुकं झालंय. आधी मोटर चालू करायला जायचं तरी गात जायचं. आता जेव म्हटलं की जेवतं, नाय म्हटलं तर नाय."

सहादू झेंडू तोडत होता. अश्विनला बघूनही त्याचे हात थांबले नाहीत.

"लहान पोरासारखं बोटाला धरून चालवलं तू मला," तो म्हणाला. "अन् मी गावात छाती काढून हिंडलो, की मी बी त्या गड्यासारखा गातो. तुम्ही बापलेक हसत असाल."

"कुणी हसलं नाही रे."

"मग कीव आली आसंल. ते तर हसण्यापरीस वाईट."

अश्विननं वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामाला येईना. मग तो जे बोलला ते बोलेपर्यंत त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

"कीव नाही. मी तो टेप नीट करून ऐकला ना, तर तो माणूस मला परका वाटला. तो कितीही भारी असू दे. मला तू गातोस तसं पाहिजे होतं. बेल्ट मी तुझ्यासाठी नाही बदलला, सहादू, माझ्यासाठी बदलला. इतकी वर्षं मी समजत होतो तुझ्यावर उपकार केला. कसला उपकार! तू गेला असतास तर मी गिटार कुणासाठी वाजवली असती?"

"मग आधी का नाय सांगितलं?"

"भीती वाटली. तू गाणं सोडशील याची. आणि मला सोडशील याची."

एवढं बोलून अश्विनला रडू आलं. सहादूनं झेंडूची ओळ संपवली, पाटी डोक्यावरून आणून शेडमध्ये रिकामी केली, हात धुतले.

"ती कॅसेट हाय का अजून?"

"आहे."

"चल. बरोबर करून ऐकव मला."

दुकानात जयरामनी काही न विचारता टू-इन-वन उघडला, स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसलं आणि कोरा बेल्ट घातला. सहादू स्टुलावर बसला. गाणं सुरू झालं, उंच, चटपटीत, पुण्यात ऐकलं होतं तसंच. सहादूनं डोळे मिटले. वडलांच्या भजनाला बसायचा तसा मांडीवर ताल धरून त्यानं अख्खं गाणं ऐकलं, मधे एकदाही गुणगुणला नाही. अश्विनचा जीव टांगणीला लागला होता. गाणं संपलं, टेपची नुसती खरखर राहिली.

"चांगला गातो," सहादू म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "पण लय घाई करतो."

जयराम खो खो हसायला लागले. अश्विन नाक पुसत पुढे झाला आणि जुना बेल्ट परत चढवायला झाकण काढू लागला. सहादूनं त्याचा हात धरला.

"राहू दे की आता. गाऊ दे त्याला त्याच्या पट्टीत," तो म्हणाला. "झुंबरला सांग, शनिवारी मी येतो. नवं गाणं हाय, अन् ते याच्याहून खाली हाय."