शेवटच्या ओळीतलं नाव

"दादा, शेवटच्या ओळीत मी सांगीन तेच नाव घेशीन ना?"

हे विचारायची पैज वैभवी आणि सरितानं लावली होती. प्रसेनजितदादा म्हणजे शिरपूरच्या गायन पार्टीचा मुख्य गायक. त्याच्यापुढं मोठी माणसंही दबकतात. पण मी नववीतली, गॅदरिंगचं सूत्रसंचालन गाजवून आलेली. मला कोणाची भीती? आणि यंदा जयंतीला तो माझं गाणं म्हणणार होता. माझं!

"काहून नाई घेईन? लिवनाऱ्याचं नाव शेवटी येतेच. 'पल्लवी म्हणे' घेतो."

"पल्लवी नाई. गंगू."

मैत्रिणींचे चेहरे पाहण्यासारखे झाले. दादा हसला आणि 'बरं' म्हणाला.

गंगूमावशी आईची मोठी बहीण. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन काढताना तिचा पदर हडंब्यात अडकला. मळणीचं ते यंत्र बंद करेपर्यंत सगळं संपलं होतं. पेपरात दोन ओळी आल्या : 'मळणीयंत्रात अडकून महिला मजूर ठार.' यंत्र कोणत्या कंपनीचं तेही छापलं होतं. मावशीचं नाव नव्हतं. त्या दिवशी मी लिहायला बसले. लिहिलं की माणूस उरतो, असं तेव्हा वाटायचं मला.

शेवट असा होता :

निळ्या झेंड्याखाली उभी मी अनवाणी,
गंगू म्हणे, माझंही नाव घ्या रे कोणी!

जयंतीच्या संध्याकाळी आई सगळ्यात पुढं बसली. पांढरं लुगडं, मांडीवर घट्ट धरलेले हात. शेजारच्या रुपाबाईला ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "आता माह्या बहिणीचं नाव येते पाहा."

दादानं गाणं काय उचललं! टाळ्या, शिट्ट्या. माझ्या अंगावर काटा. मग शेवटची ओळ आली.

"वीरूभाऊ म्हणे, माझंही नाव घ्या रे कोणी!"

स्टेजवर गावचा पुढारी वीरेंद्रभाऊ उठून हात जोडत होता. पायात चकचकीत बूट. साउंडचा खर्च त्याचा होता. 'अनवाणी' कोणाला खटकलंच नाही. लोकांनी तीच ओळ तीनदा म्हणायला लावली.

"पंचफुला," रुपाबाईनं आईला विचारलं, "कुठी आलं वं नाव?"

आई म्हणाली, "येईन." आणि गाणं संपल्यावरही तशीच बसून राहिली.

मी स्टेजमागं पळाले. दादा पाणी पीत होता.

"अवं, भाऊनं साउंड देल्ला. त्याले खूश कराच लागते. अन् गंगू कोन, लोकायनं विचारलं असतं त?"

"विचारालेच पायजे होतं, दादा!"

"रडगाणं करू नोको. गाणं हिट झालं तुहं."

खरंच हिट झालं. घरी येताना पोरं तेच गुणगुणत होती, वीरूभाऊसकट. मी लिहिलं नसतं तर मावशीचं नाव फक्त पेपरातून गेलं असतं. मी लिहिलं, म्हणून ते गाण्यातूनही गेलं. कायले लिहिलं मी?

घरी आईनं लुगडं बदललं, चूल पेटवली.

"पोरी, मन लहान नोको करू," बाबा म्हणाले. "पुढच्या वर्षी दुसरं लिव. याच्याहून फक्कड."

"नाई, बाबा. आई, तूही आयक. गाणं लिहिणं बंद. एक ओळ नाई लिहीन. झेंड्याच्या खांबाचा निळा रंग उरला ना डब्यात? सकाळी रस्त्याकडच्या भिंतीवर मावशीचं नाव लिहीन. नुसतं नाव. मंग कोनी वाचो, नाई त बकऱ्या अंग घासो."