मी खराब नव्हते

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. आधीच सांगितलेलं बरं.

कारखान्यातला जन्म मी धरत नाही. माझा खरा जन्म २००२ साली नागपुरात झाला. शुभाआजी कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि अमेरिकेतल्या सहा वर्षांच्या नातीला, सावनीला, दोन तास जादूच्या प्राण्यांच्या गोष्टी सांगत राहिल्या. विहीर पाठीवर घेऊन हिंडणारं मुंगूस, चंद्राशी भांडणारी टिटवी. घसा बसला तरी थांबल्या नाहीत. माझ्यावर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून आजोबांनी माझ्या कडेची प्लास्टिकची टिकली मोडून टाकली. शहाणा माणूस.

मग पापडांच्या डब्याशेजारी बसून मी अमेरिकेत, शॉमबर्गला आले. सावनीच्या बाबांनी, शशिकांतनी, मला व्हीसीआरमध्ये घातलं. आता, भारतात भरलेली कॅसेट अमेरिकेतल्या मशीनला वाचता येत नाही. चित्राच्या पट्ट्या झाल्या, आवाज चिरका झाला.

"प्रवासात खराब झाली यार," शशिकांत म्हणाले. एवढे इंजिनिअर, पण कुणाला विचारतील तर शपथ!

"आईला नको सांगायला. वाईट वाटेल तिला," सावनीची आई, म्हणजे शुभाआजींची लेक शैलजा म्हणाली.

मोडक्या टिकलीच्या जागी चिकटपट्टी लावली आणि दर शनिवारी सकाळी माझ्यावर सावनीचं जपानी कार्टून भरायला लागले. बोलणारा ससा, उडणारं मांजर. त्यांच्यावर माझा राग नाही. पोरीला ते आवडायचे, आणि ते बिचारे कुणाशी खोटं बोलले नव्हते.

रविवारी स्पीकरवर आजींचा फोन आला. "सावने, कॅसेटमधला कुठला प्राणी आवडला गं?"

शैलजानं डोळ्यांनीच खुणावलं, सांग काहीतरी.

"द रॅबिट, आजी."

"ससा? म्हणजे शेवटपर्यंत पाहिलीस की!" आजींचा आवाज केवढा खुलला. "मग या हं लवकर."

आई एवढी कशानं हरखली, हे शैलजानं विचारलं नाही. मला ठाऊक होतं, पण मला कोण विचारतंय?

पुढच्या वर्षी प्रोजेक्टपायी तिकिटं कॅन्सल केली. त्याच्या पुढच्या वर्षी व्हिसाची भानगड. आजी दर फोनवर विचारायच्या, कधी येता? २००६ मध्ये त्या गेल्या.

दोन वर्षांनी घरातल्या कॅसेटींच्या डीव्हीडी करायला मला ओळखीतल्या रवींद्रकाकांकडे दिलं. डीव्हीडी परत देताना ते म्हणाले, "ही खराब नव्हती हो. भारतातली होती, एवढंच. कार्टून संपल्यावर शेवटची दोन मिनिटं राहिलीत. बघा."

बारा वर्षांची सावनी आईशेजारी बसली. उडणारं मांजर गेलं आणि शुभाआजी आल्या. घसा बसलेलाच.

"आता ससा तेवढा राहिला, सावने. त्याची गोष्ट मुद्दाम ठेवलीय. ती अशी लांबून नाही सांगायची. तू ये, मांडीवर बस, मग सांगते. अजून कुणालाच सांगितलेली नाही."

मग नुसती खरखर.

"आई, शी वॉज वेटिंग फॉर मी?" सावनीनं विचारलं. शैलजानं तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आम्हाला उन्हात ठेवू नका, हे सगळ्याच वस्तू सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. पाहिलं नसेल तर पाहिलं नाही म्हणा. शुभाआजींनी पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं असतं.